दुसऱ्या मजल्याची हजेरी

९ जुलै

मावशी,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं लिहून झालं असं समज, कारण बातमी पोटात मावत नाहीये. तुझी भाची मजलाप्रमुख झाली! मुलींचं वसतिगृह, दुसरा मजला, वीस खोल्या, चाळीस पोरी आणि त्यांच्यावर मी. हसू नकोस. हसलीस ना? वाटलंच मला.

तिसऱ्या वर्षाच्या मुलींना वसतिगृहात जागा देत नाहीत हे तुला माहीतच आहे. बाहेर खोली घेणं आपल्याला झेपणारं नाही. 'मग घरी बसून अभ्यास कर' असा तुझा धोशा चालला होता. अगं, घरी बसून प्रयोगशाळेतली कामं कशी व्हायची? वर्षच गेलं असतं. मजलाप्रमुखाला मात्र पदाबरोबर खोली मिळते. पद गेलं की खोलीही गेली, पण ते का जाईल? म्हणून आमच्या रेक्टर मॅडमनी अर्ज मागवले तेव्हा पहिला अर्ज माझा होता. मॅडम म्हणजे इथल्या सर्वेसर्वा. हसताना त्यांना आजवर कुणी पाहिलेलं नाही.

कामं विचारशील तर विचारू नकोस. नळाला पाणी आलं नाही, मी. कुणाला ताप आला, डॉक्टरकडे न्यायला मी. किल्ली हरवली, मी. चार नंबरच्या दोघींनी तर खोलीच्या मधोमध खडूने रेघ मारली आहे. खिडकी एकीच्या हद्दीत गेली आणि पंख्याचं बटण दुसरीच्या. आता एक उकडून मरते आणि दुसरी अंधारात. काल त्यांचा निवाडा करता करता माझंच डोकं फिरलं.

आणि रोज संध्याकाळी हजेरी. प्रत्येक दारावर दोनदा टकटक करायचं, आतून 'आहे' असा आवाज आला की कागदावर खूण, की पुढचं दार. पहिल्या दिवशी फार वेळ लागला. आता जेवणाची घंटा व्हायच्या आत मजला खलास करते.

तुझी,
(आता जरा मानाने नाव घ्यायचं) मजलाप्रमुख


२० जुलै

मजलाप्रमुख बाईसाहेबांना त्यांच्या साध्यासुध्या मावशीचा दंडवत.

छापखान्यात सगळ्यांना सांगून झालं. बांधणी विभागातल्या आम्ही सगळ्या बायकांनी त्या दिवशी पुस्तकं कमी आणि तोंडं जास्त चालवली. मशीनवाल्याने माझ्याकडून चहा उकळला तो वेगळाच. चाळीस पोरी सांभाळणार म्हणे! इथे होतीस तेव्हा स्वतःच्या दोन चपला सांभाळता येत नव्हत्या. एक इकडे, एक पलंगाखाली.

फोनचं म्हणशील, तर नको. मशिनींनी माझे कान कधीच खाल्ले. तू तिकडून ओरडतेस, मी इकडून 'काय? काय?' करते, शेजाऱ्यांना सगळं कळतं आणि मला काही नाही. त्यापेक्षा हे बरं. चार-चार वेळा वाचता येतं.

आता एक ऐक. सगळं आपल्याच अंगावर घ्यायची तुला खोड आहे. तुझी आई अशीच होती. दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही कशाला, आणि मग कंबर धरून बसायची. ती गेल्यापासून आपण दोघीच आहोत. तुला जरा काही कमीजास्त झालं ना, तर मी तिथे येऊन तुला उचलून घरी आणीन. वर्ष गेलं खड्ड्यात. मग रडू नकोस, मावशीने सांगितलं नाही म्हणून.

जेवतेस का नीट? त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही.

मावशी


२८ ऑगस्ट

मावशी गं,

जेवते. दोन्ही वेळा. जास्तच.

चार नंबरचं भांडण मिटलं. म्हणजे मी नाही मिटवलं, दोघींना एकाच वेळी सर्दी झाली आणि वाफ घ्यायचं भांडं एकच होतं. रेघ अजून आहे, पण तिच्यावरून ये-जा सुरू झाली आहे.

बाकी माझा मजला म्हणजे कसा, घड्याळ लावावं असा. मॅडम परवा म्हणाल्या, "दुसऱ्या मजल्याची तक्रार येत नाही." त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पदकच म्हणायचं. तक्रार येणारच नाही, कारण मी ती वर जाऊच देत नाही. खिडकीची खिट्टी मीच बसवते, तुंबलेली मोरी मीच काढते. वायरमन काकांना बोलावलं की ते 'मंगळवारी' म्हणतात आणि कुठला मंगळवार ते सांगत नाहीत.

सगळ्यात गुणी पोरगी बारा नंबरची. पहिल्या वर्षाची आहे. तिच्याबरोबरची मुलगी महिन्याभरातच शिक्षण सोडून गेली, तेव्हापासून एकटीच असते. ना किल्ली हरवत, ना भांडत, ना काही मागत. टकटक केलं की लगेच 'आहे', जणू दाराला कान लावूनच बसलेली असते. सगळ्या अशा असत्या तर मला काही कामच उरलं नसतं.

खोड म्हणतेस ती खोड नाही, ती जबाबदारी. तू काळजी करू नकोस, आणि उचलून नेण्याच्या धमक्या तर मुळीच देऊ नकोस.

तुझी


१ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

अक्षर बघून दचकू नकोस. माझ्या उजव्या मनगटाला थोडं लागलं आहे, म्हणून हे पत्र मी सांगते आहे आणि बारा नंबरची लिहिते आहे. (नमस्कार मावशी. माझं अक्षर लहान आहे, सांभाळून घ्या.) तिला म्हटलं, मी सांगते तेवढंच लिही. (लिहिते आहे.)

फार काही नाही. जरा घसरले. आठ-दहा दिवसांत ठीक होईल. अभ्यास जोरात चालू आहे. सगळ्या मुली माझी फार काळजी घेतात, इतकी की जीव नकोसा होतो. कुणी वेणी घालून देतं, कुणी ताट आणून देतं. आपलं ताट दुसऱ्याने उचलायचं म्हणजे मला कसंतरीच होतं. काल मी चिडून म्हटलं, मला काही झालेलं नाही, जा आपापल्या खोलीत. (कुणी गेलं नाही.) हे कशाला लिहिलंस? (तुम्ही बोललात ते लिहिलं.) मी बोलले ते नाही, सांगते ते लिही!

तर काळजीचं काही कारण नाही. हवा छान आहे. तुझ्या कानांना जप.

तुझी भाची

मावशी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आहे म्हणून हे खाली लिहिते. ताईंनी शपथ घातली होती, पण मी नुसती मान हलवली, हो म्हटलं नव्हतं. न्हाणीघराच्या वाटेतला दिवा गेला होता. वायरमन काका येईनात, म्हणून ताई स्टुलावर स्टूल ठेवून चढल्या. मनगट मोडलं आहे आणि डावा पायही. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे. डॉक्टर म्हणाले, दीड-दोन महिने पाय टेकायचा नाही. ताईंना रोज कुणीतरी विचारलं पाहिजे, त्या स्वतःहून काही सांगत नाहीत. तुम्हाला कळायला हवं असं मला वाटलं. चुकलं असेल तर माफ करा.

बारा नंबर


७ ऑक्टोबर

बारा नंबरच्या माझ्या बाळा,

हे पत्र तुला. तिला मोठ्याने वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

तू काही चुकली नाहीस. तुझे उपकार कसे फेडू कळत नाही. माझ्या पोटच्या पोरीसारखी आहे ती, आणि मला सांगते घसरले! स्टुलावर स्टूल! सर्कशीत काम धर म्हणावं, तिथे खोलीही देतात.

काल तुमच्या रेक्टर मॅडमचंही पत्र आलं. त्यांचा नियम असा की मजलाप्रमुखाला दारोदार फिरून हजेरी घेता आली पाहिजे, आणि मुलगी अशी अंथरुणाला खिळली तर पालकांनी येऊन एक काय ते ठरवायचं. घरी न्यायचं असेल तर तशी सही करायची, मग पद दुसरीला जाईल. ठेवायचं असेल तर जबाबदारी घेऊन तशी सही करायची, मग हजेरीचं काय ते त्या बघतील.

मी ठरवलं आहे. येत्या शनिवारी येते आणि घेऊन जाते. एक गादी रिकामी करून ठेवली आहे. पाय बरा झाला तर पुढच्या वर्षी परीक्षा, नाही तर नाही. छापखान्यात बसून करण्यासारखी पुष्कळ कामं असतात. तिला म्हणावं, पिशवी भरून ठेव. तिला जमणार नाही, तूच भर.

मावशी


१० ऑक्टोबर

मावशी,

हे पत्र तुझ्याआधी पोहोचावं म्हणून आपल्याच गावच्या एका मुलीबरोबर पाठवते आहे. हात तोच, बारा नंबरचा. तिच्यावर मी दोन दिवस रागावले होते. आता नाही.

मी खोटं बोलले, कारण तू येऊन नेशील हे मला ठाऊक होतं. मला नेऊ नकोस. हात जोडून सांगते, म्हणजे एकच हात, दुसरा झोळीत आहे. वर्ष जाईल म्हणून सांगत होतेच, पण आता दुसरंही कारण आहे, ते ऐक.

पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पलंगावर पडून नुसती चडफडत होते. हजेरीची वेळ झाली आणि मजल्यावर कुणी टकटक करणारं नाही. तेवढ्यात दारात ही उभी. म्हणाली, "ताई, बारा. आहे." मी म्हटलं, अगं तू कशाला आलीस? तर म्हणते, "आज तुम्ही आला नाहीत ना."

(मावशी, हे लिहायला मला लाज वाटते आहे, पण ताई म्हणतात लिही.) तिने मग हळूहळू सांगितलं. बरोबरची मुलगी गेल्यापासून दोन महिने दिवसभर तिच्याशी कुणीही बोलायचं नाही. वर्गात नाही, जेवताना नाही. संध्याकाळी माझी टकटक व्हायची तेवढंच. ती खरंच दाराला कान लावून बसायची गं. आणि मी खूण करून पुढे! तिच्या आवाजावरून मी गुणी पोरगी म्हणून तुला लिहून मोकळी झाले. एकदा दार उघडून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने शेजारची अकरा आणली, अकराने चार नंबरच्या दोघी आणल्या. आता सगळा मजलाच माझ्या दारात येतो. मी दारोदार फिरायची तेव्हा मला चाळीस वेळा 'आहे' ऐकू यायचं. आता 'आहे' म्हणून कुणी लगेच जातच नाही. पलंगावर बसतात, जमिनीवर बसतात. सातची मुलगी रोज आईला फोन करून रडते हे मला कळलं, आणि सोळाची मुलगी अशी नकला करते की प्लास्टरच्या आत पाय हसतो. मी त्यांना सांभाळत होते म्हणे! उलट मला पाणी द्यायचं, न्हाणीघरात न्यायचं, माझ्या वह्या उतरवून आणायच्या, सगळ्याच्या पाळ्या लावल्या आहेत त्यांनी. प्रयोगशाळेत तर खुर्चीसकट उचलून नेतात. चौघीजणी. जिना उतरताना मी डोळे मिटते.

मंगळवारी मॅडम येऊन दारात उभ्या राहिल्या. म्हटलं, संपलं. त्यांनी सगळा घोळका बघितला. मग म्हणाल्या, "हजेरी घ्यावी असं नियमात आहे. कुठे बसून घ्यावी, ते लिहिलेलं नाही." आणि गेल्या. म्हणजे त्यांचं काही नाही, मावशी. आता सगळं तुझ्या सहीवर आहे.

आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांचं घेते आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाहीये. थोडे दिवस घेऊ दे.

तुझी भाची

(मावशी, मी पिशवी भरलेली नाही. बारा नंबर.)


१९ ऑक्टोबर

मावशी,

हे डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून अक्षर कोंबडीचे पाय. पण हे पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं नव्हतं.

तू आलीस, माझ्या डोक्यावरून हात फिरवलास, प्लास्टरवर एक टपली मारलीस, रात्रभर राहिलीस, सकाळी मॅडमच्या खोलीत जाऊन ठेवायची सही केलीस आणि गाडीत बसलीस. बोलली काहीच नाहीस. मी निरोपाच्या वेळी तीनदा विचारलं, रागावलीस का? तुला ऐकू आलं नाही, की ऐकू आलं नाही असं केलंस, कोण जाणे. तो तुझा जुना डाव आहे.

मावशी, थँक यू. हे आपण आपल्यात कधी म्हणत नाही, पण आज म्हणते. तू न्यायला आली होतीस, मग ठेवून का गेलीस? सांगशील? मला चैन पडत नाही.

तुझी


२८ ऑक्टोबर

लाडके,

ऐकू आलं होतं. पण तेव्हा तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि त्या पोरींसमोर मला ते नको होतं.

तू विचारलंस म्हणून सांगते. मी तुला न्यायलाच आले होते. परतीची दोन तिकिटं काढली होती, खिडकीची जागा तुला. सगळ्यांना सांगितलं होतं, पोरीच्या पायासाठी आणते आहे. पायाचं होतंच. पण खरं सांगू? तू गेल्यापासून घर खायला उठतं गं. कामावरून येते, कुलूप उघडते आणि कुणाशी बोलायचं नाही. मोठ्याने बोलले तरी मला माझंच नीट ऐकू येत नाही. तुझा पाय मोडल्याचं कळलं तेव्हा जीव खाली-वर झाला, आणि त्याच्याच मागून मनात आलं, चला, आता घरी येईल. देवाशप्पथ सांगते, आलं असं मनात. मावशी आहे मी, संत नव्हे.

मग त्या संध्याकाळी मी तुझ्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. पोरी एकेक करून येत होत्या. मला ऐकू येत नव्हतं, पण तोंडं दिसत होती. 'आहे', 'आहे', 'आहे'. प्रत्येकीचं तोंड बघून तू काहीतरी विचारत होतीस. इथे असताना तू कुणाच्या तोंडाकडे इतका वेळ बघायचीस का? सगळ्या झाल्या तरी तुझी ती बारा नंबरची गेली नाही. माझ्यासमोर येऊन गुडघ्यावर बसली, खांद्याला हात लावला आणि मला दिसेल असं तोंड करून म्हणाली, "मावशी, तुम्ही?"

मला आधी कळलंच नाही. मग सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या तेव्हा कळलं. मी म्हटलं, "आहे." बहुतेक फार मोठ्याने म्हटलं, कारण सगळ्या हसल्या. तुझी आई गेल्यानंतर तू लहान होतीस तेव्हा विचारायचीस, 'मावशी, तू आहेस ना?' त्यानंतर मला हे कुणी विचारलं नव्हतं बघ. काम झालं का विचारतात, पगार झाला का विचारतात.

तुझ्या पोरींमधून तुला उचलून आणलं असतं, तर मला सोबत झाली असती आणि बारा नंबरची पुन्हा दाराला कान लावून बसली असती. एवढी मी दुष्ट नाही. म्हणून सही केली. त्या सगळ्यांना माझे आशीर्वाद सांग, नाव घेऊन सांग, नावं माहीत नसतील तर खोलीचे नंबर घेऊन सांग. माझी पोर त्यांनी सांभाळली, आणि एका संध्याकाळपुरतं मलाही सांभाळलं. हे ऋण मी विसरणार नाही.

इकडचं विचारशील, तर सांगण्यासारखं थोडं आहे. आपल्या खालच्या खोलीत पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई राहायला आल्या आहेत. तू गेल्यानंतर आल्या, तू बघितलं नाहीस. एकट्याच असतात. जिन्यात भेटल्या की मान हलवायची, यापलीकडे आमचं काही नव्हतं. मी बहिरी म्हणून त्या बोलत नाहीत, असं मी धरून चालले होते.

परवा कामावरून आले, आपलं कुलूप उघडायला किल्ली काढली आणि तशीच खाली उतरले. त्यांचं दार वाजवलं. त्यांनी साखळी न काढता फटीतून विचारलं, "काय हवंय?"

मी म्हटलं, "काही नको. तुम्ही आहात ना, तेवढं बघायला आले."

 त्यांनी साखळी काढली, पदराने डोळे पुसले आणि दार पुरतं उघडून म्हणाल्या, "आत या ना."

तुझी मावशी